पवित्र म्हणजे सोवळं?

मैत्रिणींनो, ‘पवित्र’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उंच दांडीवर वाळत घातलेलं सोवळं, देवघरातली पाण्याची कळशी, ‘शिवू नकोस गं’ म्हणणारी आजी. ज्याला हात लावायचा नाही, ते पवित्र. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसांनी येशूला देव मानलं, पण शब्द आपल्याच भाषेतले घेतले. त्या शब्दाबरोबर सोवळ्याचा थोडा वासही आमच्या घरात आला.

बायबलचा जुना करार मुळात हिब्रू भाषेतला. त्यात याच अर्थाचा शब्द आहे ‘कादोश’. म्हणजे वेगळं काढलेलं, देवाच्या कामासाठी राखून ठेवलेलं. हे कुणाला समजावून सांगताना मला बियाण्याची ज्वारी आठवते. सुगीत चांगली कणसं निवडून आपण बाजूला ठेवतो. घरातलं पीठ संपलं तरी ती दळायला नेत नाही. तिला हात लावायचा नसतो असं थोडंच आहे? तिला पेरणीचं काम नेमून दिलेलं असतं, एवढंच. आणि पेरणीच्या वेळी ती मडक्यातच राहिली, मातीत पडलीच नाही, तर त्या वेगळेपणाचं काय करायचं?

लेवीय नावाचं एक पुस्तक जुन्या करारात आहे. त्याच्या १९ व्या अध्यायाची सुरुवातच अशी, की देव पवित्र आहे, तेव्हा त्याच्या लोकांनीही पवित्र असावं. पुढे वाटतं, आता स्नानाचे आणि उपासाचे नियम येणार. येतं भलतंच! आईबापांचा मान राखा. शेत कापताना कडेकोपरे सोडा, मागे पडलेला सरवा गरिबांना आणि परक्यांना वेचू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्या घरात ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभे राहा. दोन जातींचं बी एका शेतात पेरू नये, असे नियमही त्यात आहेत. ते आज आमच्यात कुणी पाळत नाही. पण मजुरीचा नियम वाचून मी दर वेळी थांबते. भुईमूग काढायला आलेल्या बाईला ‘पैसे बाजारच्या दिवशी ने’ म्हणणं किती सहज असतं! तिची चूल मात्र आज संध्याकाळीच पेटायची असते.

आमच्या महिला मंडळाच्या सभेनंतर एकदा एका नव्या सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, अडचण असली तर प्रभुभोजन घेतलेलं चालतं का?” तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, त्या दिवसांत देवळात मागच्या बाकावर बसायचं, पवित्र भाकरीला हात लावायचा नाही. सासूबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं असणार. सासूबाईंचा मला राग आला नाही. ‘पवित्र’ शब्दाला चिकटून आलेलं ते जुनं सोवळं होतं. शिवाय खोटं कशाला बोला, आमच्या शास्त्रातही बाजूला बसणं आहे. त्याच लेवीयच्या १५ व्या अध्यायात पाळीच्या बाईचा सात दिवस विटाळ सांगितला आहे. तिला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. रक्तस्राव जास्त दिवस चालला तर तितके दिवस विटाळ.

म्हणून मी तिला मार्कच्या शुभवर्तमानातला ५ वा अध्याय वाचून दाखवला. एका बाईला बारा वर्षं रक्तस्राव होत होता. वैद्यांपायी होतं-नव्हतं ते सगळं संपलं, आजार वाढतच गेला. बारा वर्षं विटाळ म्हणजे काय, ते पुरुषांना वाचून कळायचं नाही. ती गर्दीत घुसली, मागून येशूच्या वस्त्राला हात लावला आणि बरी झाली. गुपचूप निघून गेली असती, पण त्यानं विचारलं, मला कोण शिवलं? ती थरथरत पुढे आली, सगळं खरं सांगितलं. नियमानं तो आता अशुद्ध झाला होता. तो रागावला नाही. चारचौघांत त्यानं तिला मुलगी म्हणून हाक मारली. गंमत पुढेच आहे. तो याईराच्या घरी निघाला होता. तो अंघोळीला थांबला, संध्याकाळपर्यंत बाजूला बसला, असं काही लिहिलेलं नाही. तसाच त्या घरी गेला आणि याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून तिला उठवलं. प्रेताला शिवणं म्हणजे तर सात दिवसांचा विटाळ! विटाळावर विटाळ, आणि त्याच्या हातून दोघीही जगल्या. इथे विटाळ त्याला चिकटला नाही, त्याचं पावित्र्य त्यांच्याकडे गेलं. ख्रिस्ती माणसाला पवित्र म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर या गोष्टीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. त्या सुनेला मी एवढंच म्हटलं, पुढच्या रविवारी माझ्या बाकावर बस.

सोवळं माणसाला कुठवर नेतं, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त पाहावं. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातलं मीठसुद्धा धुऊन घरात यायचं! १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तरी लक्ष्मीबाई पुढे कितीतरी काळ आपलं सोवळं सांभाळून होत्या. मग त्यांच्या मनानंच घेतलं, की जातिभेद माणसानं केला, देवानं नाही. कुणी वादात हरवून त्यांना तिथे नेलं नाही.

पंडिता रमाबाईंचं मोठेपणही मला इथेच दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बाया केडगावला आणल्या. उपाशी, आजारी, वाटेत कुणाकुणाच्या हाती लागलेल्या. ‘बिघडलेल्या’ म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपा सदन काढलं. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली, प्रार्थना आणि रडणं दिवसेंदिवस चाललं. ती कथा परदेशांतही सांगितली जाते. मला विचाराल तर खोदलेल्या विहिरी, शेती, छापखाना आणि एवढ्या मुलींचं रोजचं जेवण, त्या पवित्रतेबद्दल उपदेशातून जास्त ऐकायला आवडेल.

आणि आज? काही मंडळ्यांत बाईनं कुड्या, बांगड्या, मंगळसूत्र काढलं की ती पवित्र झाली असं मानतात. पेत्राच्या पत्रात दागिन्यांपेक्षा शांत, सौम्य मनाला मोल दिलं आहे, हे खरं. पण एकोणिसाव्या अध्यायातली मापं कुणी तपासतं का? दुकानदार भावाचा तराजू, कंत्राटदार भावाची मजुरांची वही? सगळी पवित्रता बाईच्या कानागळ्यापाशी येऊन थांबते. ज्यांना मनापासून साधं राहायचं आहे त्यांनी खुशाल राहावं, मीही राहते. पण म्हणून शेजारणीला कमी पवित्र ठरवायचा हक्क मिळत नाही.

दुसरं दुखणं जातीचं. आमच्यापैकी कितीतरी घरांच्या पणज्या-पणजोबांना गावात सावलीचाही विटाळ होता. पौलानं आपल्या पत्रांत साध्या विश्वासी माणसांना ‘पवित्र जन’ म्हटलं. करिंथच्या मंडळीलासुद्धा! ते तर एकमेकांवर फिर्यादी करत होते आणि प्रभुभोजनाला काही जण भरपेट जेवून गरिबांना उपाशी ठेवत होते. त्यासाठी पौलानं त्यांना चांगलं झापलं, पण नाव काढून घेतलं नाही. विहिरीवर पाणी न मिळणाऱ्या माणसांना ते नाव मिळालं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल! त्यांच्याच पणत्वंडांची लग्नं जुळवताना आज हळूच विचारतात, ‘मूळचे कोण?’ मी दोन-तीनदा अशा बैठकीतून उठून आले आहे. लोक म्हणतात, मोठी फटकळ बाई. म्हणोत.

आमच्या पाळकसाहेबांना आम्ही महिला मंडळातर्फे एक विनंती केली आहे. पवित्रतेवर उपदेश कराल तेव्हा लेवीयचा एकोणिसावा अध्याय पहिल्या दोन ओळींवर थांबवू नका, मजुरीपर्यंत आणि मापांपर्यंत वाचा. ते हसून ‘हो’ म्हणालेत. आम्ही बायबल उघडून पुढच्या बाकावर बसणार आहोत.