भाऊबंद

जेन गुडाल यांनी चिंपांझींवरचा आपला सुरुवातीचा शोधनिबंध छापायला पाठवला, तेव्हा संपादकाने त्यातली सर्वनामे बदलली. गुडाल यांनी प्रत्येक चिंपांझीला 'तो' किंवा 'ती' म्हटले होते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लावतात ते सर्वनाम संपादकाने तिथे घातले. गुडाल यांनी संतापून ती दुरुस्ती खोडली आणि आपले शब्द परत लिहिले. निबंध त्यांच्याच शब्दांत छापला गेला. १९६० च्या जुलैत त्या टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, गोंबेच्या जंगलात गेल्या होत्या. वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढून खाणारा चिंपांझी त्यांनी त्याच वर्षी पाहिला आणि हत्यार बनवतो तो माणूस ही व्याख्या मोडीत निघाली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, गुडाल गेल्या. संपादकाच्या लेखणीने काय खोडले जाऊ शकते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. म्हणून यंदाचा दिवाळी अंक माणूस आणि त्याचे भाऊबंद या विषयाला वाहिला आहे.

मराठीत हे भांडण करावेच लागले नसते. आपण 'ते माकड' म्हणतो, तसेच 'ते मूल', 'ते लेकरू' आणि 'ते बाईमाणूस'ही म्हणतो. आपल्या नपुंसकलिंगात माया मावते. लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हा भेद आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. पाठीच्या कण्याच्या टोकाला आपण माकडहाड म्हणतो. नाते अंगातच मुरलेले आहे. तरीही वानराच्या वाट्याला मारुतीची पुण्याई आली आणि माकडाच्या वाट्याला माकडचेष्टा, हातातले कोलीत आणि मद्य प्यालेला मर्कट. ही वाटणी न्यायाची नाही.

खरी अडचण दूरदेशी राहणाऱ्या नातलगांची आहे. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान या बिनशेपटीच्या मोठ्या मंडळींना बोलीत शब्दच नाही, कारण ती आपल्या रानात कधी दिसली नाहीत. भारतात या घराण्यातला फक्त गिबन राहतो, तोही ईशान्येकडच्या जंगलांत. पुस्तकांनी कपी, एप वानर असे शब्द केले. बोलताना मात्र सगळे माकडच. त्यातूनच 'माकडापासून माणूस झाला' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते चूक आहे. चुलतभावापासून कुणी जन्मत नाही. दोघांचा आजा एक असतो. आपली आणि चिंपांझीची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटली. गोरिलाची वाट त्याही आधी वेगळी झाली होती. म्हणजे चिंपांझीला गोरिलापेक्षा माणूस जवळचा! 'कपी' म्हणून त्या दोघांना एका बाजूला बसवून माणसाला वेगळा पाट मांडणारा शब्द वंशावळीला धरून नाही.

सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसला हे नाते आतून जाणवले असावे. माणूस आणि कपी यांना वेगळे करणारे, निसर्गाच्या अभ्यासाला पटेल असे लक्षण आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने १७४७ मध्ये एका पत्रात लिहिले. धर्मपंडितांचा रोष ओढवेल ही धास्तीही त्याच पत्रात आहे. १७५८ मध्ये त्याने दोघांना एकाच गणात बसवले.

पण हेच नाते शिवी म्हणूनही वापरले गेले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात कांगोतल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडांच्या दालनात ओरांगउटानाबरोबर लोकांपुढे उभे केले गेले. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी आवाज उठवल्यावर ते थांबले. १९१६ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. एखाद्या माणसाला माकड म्हणून हिणवता येते, ते माकडाला आपण आधीच हीन ठरवलेले असते म्हणून. हा अंक काढताना ओटा बेंगाचे नाव आमच्यासमोर सतत होते.

भाऊबंद म्हटले की भाऊबंदकी आलीच, आणि ती जमिनीवरूनच होते. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ मध्ये आली. ही नोंद कुणी केली ते गावाला माहीत नाही. पूर्वी लग्नकार्यात माकडांना मान देत, हे मात्र आठवते. तिकडे कोकणात हातातोंडाशी आलेली केळी, शहाळी, आंबे माकडे-वानरे नासतात आणि परसात भाजी लावणेही अनेकांनी सोडले आहे. त्या शेतकऱ्याला भूतदयेचे प्रवचन देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही, आम्हालाही नाही. पण त्याचबरोबर दोडामार्गच्या बाजूला डोंगर उघडे करून रबर आणि अननस लावला गेला, हेही त्याच तंट्याचे कागद आहेत. रानातली फळझाडे गेली, तर ती भूक कुठे जाणार? नुकसानीचा पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई खर्चाला पुरेल इतकी मिळावी आणि डोंगरावर उंबर, जांभूळ, करवंद पुन्हा वाढू द्यावे, या तीनही मागण्या आम्ही एका दमात करतो. त्यांतली एकही दुसरीवाचून पुरी होणार नाही.