घड्याळाची पत्रिका

जुन्या घड्याळांचा नाद लागलेला माणूस ओळखणं फार सोपं. त्याच्या हातात घड्याळ द्या. तो ते कानाला लावत नाही, किती वाजले तेही बघत नाही. तो ते उलटं करतो आणि झाकण उघडायला काहीतरी टोकदार मागतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन समोर उभी असताना आधी पत्रिका मागणारा एक मामा प्रत्येक बैठकीत असतो, त्यातलीच ही जात. झाकण उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला : "आतले पार्ट सगळे ओरिजिनल ना?"

माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी.

घड्याळ क्रोनोग्राफ असलं तर या मंडळींना विशेषच चेव येतो. साधं घड्याळ बिचारं वेळ दाखवून गप्प बसतं. क्रोनोग्राफला कडेला दोन बटणं जास्त. एक दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की शून्यावर परततो. एवढ्या हौसेपायी आत तरफा, चाकं आणि केसासारख्या स्प्रिंगा यांचं एकत्र कुटुंब नांदत असतं. आणि एकत्र कुटुंब म्हटलं की कोणाचं ना कोणाचं तरी दुखणार, हे आलंच. भाग झिजतात. घड्याळजी ते बदलतो. यात पाप काय झालं?

पण आमचे संशोधक डोळ्याला भिंग लावून बसतात. मशिनवरचा नंबर कंपनीच्या दप्तराशी जुळतो का? सगळ्या ब्रिजचा मुलामा एकाच रंगाचा आहे, की एक तांबूस आणि एक पिवळा? (पिवळा म्हणजे दुसऱ्या घरातून आणलेला!) स्क्रूच्या खाचा कोणी कुरतडल्यात का? ही विद्या खोटी नव्हे. चोर पकडायला ती उपयोगी पडते. माझं म्हणणं एवढंच, की या विद्येनं भाग कळतात, घड्याळ कळत नाही.

खोटं वाटत असेल तर ओमेगाचंच उदाहरण घ्या. १९५७ साली निघालेल्या पहिल्यावहिल्या स्पीडमास्टरपैकी एक, उन्हापावसानं डायल तपकिरी झालेलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एकतीस लाखांवर स्विस फ्रँकला गेलं. घेणारं गिऱ्हाईक कोण? खुद्द ओमेगा! आपल्या संग्रहालयासाठी. आणि २०२३ साली कंपनीनंच जाहीर केलं, की हे घड्याळ ठिकठिकाणचे भाग जमवून उभं केलेलं आहे आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. आता गंमत बघा. त्यातले बरेचसे भाग अस्सल ओमेगाचे होते. एकेक भाग शंभर नंबरी, आणि सगळे मिळून एक थाप. ज्यांनी ते घडवलं त्यांच्याकडे पत्रिका होती, ज्ञान होतं, भिंगही होतं.

उलट आमच्या आजीच्या पाट्या-वरवंट्याकडे बघा. टाकी लावून लावून पाटा निम्मा झाला, मूळचा वरवंटा भावंडांनी पायरीवरून टाकून फोडला आणि दुसरा आला. म्हणून ती चटणी कोणी नकली म्हणाली नाही.

या वेडाची दुसरी तऱ्हा याहून वाईट. घड्याळ उघडलं तर अस्सलपणा बाटेल, म्हणून काहीजण त्याचं तेलपाणीच करत नाहीत. आतलं तेल वर्षानुवर्षं सुकतं, चिकट होतं, आणि घड्याळ चालवलं तर आसांची टोकं झिजत जातात. मूळचे भाग मूळच्या जागी झिजून मरतात. मालक सांगतो, "अजून हात लावू दिलेला नाही!"

बायकोचे काका बोटीवर इंजिनिअर होते. त्यांनी १९७० साली हाँगकाँगला स्पीडमास्टर घेतलं. काका गेल्यावर घराचं छप्पर दुरुस्त करायला काकूंनी ते विकायला काढलं, तेव्हा असाच एक संग्राहक आला. भिंगातून बघता बघता त्याचा चेहरा पडला.

"काकू, ब्रेक प्लास्टिकचा आहे."

ब्रेक म्हणजे थांबवलेला काटा जागेवर धरून ठेवणारी तरफ. या मशिनला आधी ती धातूची असे. पुढे सत्तरच्याच दशकात कंपनीनं डेलरिन नावाच्या प्लास्टिकची बसवायला सुरुवात केली. म्हणजे घड्याळजीनं कंपनीचाच नवा भाग घातला होता. तरी भाव निम्म्यावर आला.

काकूंनी फणेरपेटीतून एक कागदाची पुडी काढली. घड्याळजीनं काढलेला जुना ब्रेक तेव्हाच पुडीत बांधून परत दिला होता! संग्राहकाचे डोळे लकाकले. "हा परत बसवू. मग पूर्ण भाव."

"पण तो झिजला म्हणून तर काढला," काकू म्हणाल्या. "मग काटा जागेवर राहायचा कसा?"

"काकू, क्रोनोग्राफ वापरतो कोण?"

यापुढे मी काय वाद घालू? चालणाऱ्या भागाला अर्धा भाव आणि न चालणाऱ्याला पुरा! विचारायचंच असेल तर काय बदललं, कधी, कोणी, आणि तुम्ही ते सांगताय का, हे विचारावं. त्याचं उत्तरही तिथेच होतं. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आतल्या अंगाला सुईनं तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतात, ही जगभरची जुनी चाल. काकूंच्या झाकणात अशा चार खुणा होत्या. चार माणसांनी त्यात डोळे घातले होते.

"या ओरखड्यांचं काही नाही," संग्राहक समजूत घालत म्हणाला, "पॉलिश करून घालवता येतील."

काकूंनी झाकण त्याच्या हातून घेतलं, पदरानं पुसलं आणि आमच्या मेहुण्याला म्हणाल्या, "अरे, यांना चहा दे बाबा लवकर. परतीची गाडी चुकेल यांची."