मावळतीला गाडी कुठे असेल?

पुण्याहून दौंडकडे निघालेली डेमू यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण अशी थांबत थांबत पाटसला येते. हा लोहमार्ग जुना आहे. पुणे ते दिकसाळ हा टप्पा १८५८ साली सुरू झाला; दौंडहून उत्तरेकडे मनमाडला जाणारा फाटा १८७८ साली त्याला जोडला गेला. दूरच्या प्रांतांत जाणाऱ्या गाड्या मात्र पाटसला न थांबता धडधडत पुढे जातात. त्यामुळे येथील माणसाला लांबचा प्रवास करायचा झाला की पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हा नसून ‘कुठून चढायचे’ हाच असतो.

पाटसच्या पेठेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. फाल्गुनात शिखरजीची यात्रा करावी, असे घरात ठरले आहे. आजींनी पंचाहत्तरी गाठली आहे. ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द त्यांनी या यात्रेच्या बाबतीत इतक्यांदा ऐकला आहे, की आता त्या तो ऐकून नुसत्या हसतात. गुडघे थकले आहेत. पहाड पायी चढणे होणार नाही, डोली करावी लागेल, हे त्यांनी स्वीकारले आहे. ही यात्रा बहुधा एकदाच होणार, हे सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणूनच गाडीची निवड इतकी अवघड झाली आहे.

मुलाने कागदावर मार्ग मांडले. शिखरजीच्या पायथ्याच्या मधुबनला जवळचे स्थानक पारसनाथ. तेथून सडकेने सुमारे पंचवीस किलोमीटर. पारसनाथला थेट नेणारी गाडी म्हणजे मुंबईहून इटारसी, जबलपूर, प्रयागराज छिवकी, गया या मार्गाने हावड्यास जाणारी मेल. अंतर अठराशे किलोमीटरांहून अधिक, दोन रात्री आणि मधला एक दिवस. दुसरा मार्ग पुण्याहून सुटणाऱ्या आझाद हिंद एक्स्प्रेसचा. ही गाडी दौंडच्या बाजूने मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर, राउरकेला, टाटानगर अशी हावड्याला पोहोचते. घराजवळून चढता येते. परंतु पारसनाथ तिच्या वाटेवर नाही. हावड्याहून सुमारे तीनशे किलोमीटर मागे यावे लागते. तिसरा पर्याय हटियाच्या गाडीचा. ती ठरावीक दिवशीच सुटते आणि रांचीच्या बाजूने पुढे मोटारीचा मोठा पल्ला उरतो. थकलेल्या गुडघ्यांचा विचार करून हा पर्याय लगेच खोडला गेला.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. मुंबईहून ‘हावडा मेल’ या नावाच्या दोन गाड्या निघतात. एक गयामार्गे जाते, दुसरी नागपूरमार्गे. दुसरीत बसलेला यात्रेकरू हावड्याला पोहोचेल. पारसनाथ त्याला लागणार नाही. तिकीट काढताना नावावर विसंबू नये, मार्ग वाचावा. दौंडच्या बाबतीतही तसेच. दौंड जंक्शन आणि दौंड कॉर्ड लाइन ही दोन वेगवेगळी स्थानके आहेत. पुण्याहून मनमाडकडे जाताना इंजिनाची दिशा बदलावी लागू नये, यासाठी कॉर्ड लाइनची सोय झाली. तिकिटावर कोणते स्थानक छापले आहे, हे घरून निघण्यापूर्वीच पाहावे.

नातीचे लक्ष मात्र नकाशाकडे. राउरकेल्याच्या पुढे सारंडाचे साल वृक्षांचे अरण्य आहे. गोइलकेरा, पोसोइताच्या परिसरात रेल्वे त्या डोंगरांतून बोगदा काढून जाते. छत्तीसगडच्या सीमेवर दरेकसा आणि डोंगरगडचा घाट आहे. “आजी, आझाद हिंदनेच जाऊ. सगळं जंगल खिडकीतून दिसेल,” असा तिचा आग्रह. मुलाचे म्हणणे, आईला गाडी बदलण्याचा त्रास नको, थेट मेलच बरी. दोघांचेही खरे होते, म्हणून बोलणे पुढे सरकत नव्हते. तेव्हा इतका वेळ जपमाळ हातात घेऊन बसलेल्या आजींनी एकच विचारले, “दिवस मावळताना गाडी कुठे असेल?”

त्या प्रश्नामागे त्यांचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. घरी हे सोपे असते. गाडीत दिवस कुठे मावळतो, जेवण कुठे आटोपते, पाणी कधी थांबते, हे आधी ठाऊक असावे लागते. पण त्या प्रश्नाने नातीचाही नकाशा उलटा केला. तिने वेळापत्रक उघडले आणि तिच्या ध्यानात आले की पुण्याहून सायंकाळी सुटणारी आझाद हिंद सकाळी नागपूर, दुपारी रायपूर-बिलासपूर ओलांडते आणि राउरकेल्याला पोहोचेपर्यंत रात्र पडलेली असते. ज्या सारंडासाठी एवढा हट्ट, ते काळोखात निघून जाणार. मुंबईहून सकाळी निघणारी गीतांजली त्या अरण्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुमारास असते. पण मग छत्तीसगडचा सारा प्रदेश रात्रीत जातो. नकाशात हिरवे दिसणारे वेळापत्रकात काळे निघू शकते. ज्याला खिडकीतून देश पाहायचा आहे त्यानेही आजींचाच प्रश्न विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर घड्याळात पाहून मिळत नाही, हेही समजून घ्यावे. भारतभर घड्याळाची वेळ एकच असते. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ते रेखावृत्त मिर्झापूरजवळून, म्हणजे मेलच्या वाटेवरूनच जाते. पाटस सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर आहे, पारसनाथ शहाऐंशी अंशांच्या किंचित पुढे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने शिखरजीवर सूर्य पाटसपेक्षा सुमारे पाऊण तास आधी मावळतो. ऐन हिवाळ्यात, तो प्रदेश उत्तरेला असल्याने, हा फरक जवळजवळ एक तासाचा होतो. पाटसच्या सवयीने सहा वाजता जेवायला बसणाऱ्याची तेथे वेळ टळलेली असू शकते. सकाळी उलट फायदा: सूर्योदय लवकर, म्हणून नवकारसीही लवकर. फाल्गुनात मेल वेळेवर धावत असेल तर सूर्यास्ताच्या सुमारास ती सतना ते प्रयागराज यांच्या दरम्यान असते. तेथेही दिवस पाटसपेक्षा साधारण अर्धा तास आधी संपतो. गाडी उशिरा धावत असेल तर ती पश्चिमेला मागे असते आणि सूर्यास्त तेवढाच थोडा पुढे सरकतो. म्हणून त्या दिवशी पाच वाजताच डबा उघडणे श्रेयस्कर.

डब्याचाही विचार यातूनच होतो. ओलसर पदार्थ रात्र ओलांडल्यावर चालत नाहीत. त्यामुळे पोळी-भाजी पहिल्या संध्याकाळपुरती. दुसऱ्या दिवसासाठी खाखरे, भाजलेले पोहे, कोरडी चटणी, कोरडे लाडू. उकळलेल्या पाण्याला ऋतूप्रमाणे काळमर्यादा असते, तेव्हा एकच मोठा कॅन भरून निभावत नाही. हे सारे सुनेने आधीच मनात जुळवले होते. तिला फक्त जेवणे किती आणि कुठे, एवढेच कळायला हवे होते.

पुढचा प्रश्न चढण्याचा. मेल मनमाडला पकडली तर अंतर वाचते. दौंडहून मनमाड फार दूर नाही. पण मेल तेथे येते मध्यरात्रीनंतर. अंधारात, पुलाच्या पायऱ्या चढून उतरून, काही मिनिटांच्या थांब्यात वृद्ध माणसाला सामानासह आत घ्यायचे, ही गोष्ट कागदावर दिसते तितकी सोपी नसते. याउलट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडी तेथूनच सुटते. ती फलाटाला लागलेली असते आणि मुख्य सभागृहातून फलाटावर सपाट चालत जाता येते, पूल चढावा लागत नाही. म्हणून पूर्वेला जाण्यासाठी आधी पश्चिमेला जायचे ठरले. सकाळी पाटस सोडायचे, पुण्याहून मुंबईची गाडी धरायची, सायंकाळी नातेवाइकांकडे दिवसाउजेडी जेवण आटोपून टर्मिनसवर जायचे. वाटेत १८६३ साली खुला झालेला बोरघाट उजेडात दिसतो, ही नातीच्या पदरात पडलेली पहिली भर.

हे उलटे वाटले तरी पाटसकरांना अपरिचित नाही. दर आषाढात तुकोबांची पालखी यवत, वरवंड करीत पाटसला येते आणि पुढे रोटीचा घाट चढून उंडवडीकडे वळते. त्या वाटेचा हिशेब अंतरावर नसतो. रात्र कुठे काढायची, दुपारचा विसावा कुठे घ्यायचा, हे आधी ठरलेले असते आणि पावले त्या मुक्कामांच्या मागून चालतात. रेल्वेचा प्रवासही असाच मांडला की वाट आपोआप निश्चित होते.

मेलचा दिवस त्या मापाने पाहिला तर तो कमी देखणा नाही. भुसावळची तापी झोपेत जाते. पण खंडव्यापासून सातपुड्याचे सागवान उजेडात येते. इटारसी ते जबलपूर गाडी नर्मदेच्या खोऱ्यातून धावते. फाल्गुनात तेथे गहू-हरभरा पिकावर आलेला असतो. जबलपूरच्या आधी प्रत्यक्ष नर्मदा ओलांडली जाते. याच जबलपूरला १८७० साली मुंबईकडचा आणि प्रयागकडचा असे दोन लोहमार्ग जुळले आणि मुंबई-कोलकाता रेल्वेने जोडली गेली. पुढे १९०६ साली गयेकडून जाणारी ग्रँड कॉर्ड खुली झाली आणि पारसनाथ हे मुख्य मार्गावरचे स्थानक झाले. त्याआधी यात्रेकरूंना गिरिडीहच्या फाट्याने यावे लागे. डेहरीचा शोण नदीवरील तीन किलोमीटरांहून लांब पूल आणि गया-कोडरमा यांमधील घाट मात्र रात्रीच्या वाट्याला जातात. पहाटेच्या सुमारास पारसनाथ येते. त्या दिवशी मधुबनात विश्रांती घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वंदनेला निघायचे. चढण नऊ, टोंकांची फेरी नऊ आणि उतरण नऊ, अशी सत्तावीस किलोमीटरांची ती वाट आहे. वीस तीर्थंकरांचे निर्वाणस्थान असलेल्या त्या पहाडावर डोलीतून का होईना, आजी जाणार.

ऋतूचाही निर्णय तसाच झाला. पौषात गंगेच्या मैदानात दाट धुके असते. गाड्या तासन्‌तास रखडतात आणि खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीवाचून काही नसते. फाल्गुनात धुके विरलेले असते आणि झारखंडच्या रानात पळस फुललेला असतो.

नातीची निराशा उरली होती. तीही आजींनीच सोडवली. “जाताना मन वाटेत नसतं, बाळ. येताना बघू सगळं.” म्हणून परतीचा मार्ग वेगळा आखला गेला. पारसनाथहून दिवसाच्या गाडीने, लागल्यास धनबादला गाडी बदलून, कोलकात्याला जायचे. कोळशाचा प्रदेश संपून बर्दवानची भातखाचरे लागतात, ती उजेडात पाहायची. कोलकात्यात एक दिवस थांबून राय बद्रीदास यांनी १८६७ साली बांधलेल्या शीतलनाथांच्या काचकामाच्या मंदिराचे दर्शन घ्यायचे. मग रात्री हावड्याहून आझाद हिंद. सारंडा याही वेळी झोपेतच जाईल. पण सकाळी छत्तीसगड, दुपारी डोंगरगड-दरेकसाचा घाट, मग वैनगंगेचा पूल आणि दिवस मावळेल तो नागपूर मागे पडल्यावर, विदर्भाच्या मोकळ्या रानात. दुसऱ्या दिवशी पहाटे दौंडची बाजू. दोन रात्रींच्या बदल्यात दोन वेगळे दिवस पाहायला मिळतात आणि एकाच खिडकीत सारे मावले पाहिजे हा हट्ट सुटतो.

राहिले तिकीट. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. साठीपुढील पुरुष आणि पंचेचाळिशीपुढील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच तो लागू होतो. घरातील चौघांचे एकच तिकीट काढले तर आजींच्या वाट्याला मधला बर्थही येऊ शकतो. म्हणून आजी आणि सून यांचे तिकीट वेगळे, मुलगा आणि नात यांचे वेगळे, असे ठरले. सुनेने पंचेचाळिशी ओलांडली आहे याचा घरात प्रथमच काही उपयोग झाला, अशी थट्टाही झाली.

भिंतीवरील दिनदर्शिकेत नातीने प्रवासाचे दिवस खुणावले आणि प्रत्येक दिवसासमोर त्या त्या ठिकाणचा सूर्यास्त पेन्सिलीने लिहिला: मुंबई, सतना, मधुबन, कोलकाता, नागपूर. आजींनी चष्मा लावून ते आकडे एकदा वाचले. मग सुनेला म्हणाल्या, “मधुबनला लवकर मावळतं गं. तिथला स्वयंपाक चारलाच लाव.”