शेवटच्या पानावरचे कलम

एरवी या सदरात मी वाटणी, मृत्युपत्र, घरभाडे अशा घरगुती भांडणांबद्दल लिहितो. दिवाळी अंकात मात्र भांडण नको, काहीतरी गोड लिहा, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. पण वकिलाजवळ गोड ते काय असणार? तेव्हा माझ्या स्वतःच्या चुकीचीच गोष्ट सांगतो. दुसऱ्याची चूक ऐकायला नेहमीच गोड लागते.

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, भंडाऱ्याच्या कोर्टाला सुटी लागलेली असताना, माझे एक जुने पक्षकार फराळाला आले. तुमसरकडे त्यांची राइस मिल आहे. मी त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंच्या एका हातात मिठाईचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात इंग्रजी करारनामा. तांदळातला काळा दाणा कॅमेऱ्याने हेरून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवणारे यंत्र ते एका परदेशी कंपनीकडून घेणार होते.

“वकीलसाहेब, एकदा नजर घाला. उद्या सही करायची आहे.”

मी नजर घातली. किंमत पाहिली, हप्ते पाहिले, हमीची मुदत पाहिली. शेवटच्या पानावर लिहिले होते की, वाद निघाल्यास तो लवादाने मिटवावा आणि लवादाचे आसन सिंगापूर राहील. “हे सगळ्यांच्याच करारात असते,” असे म्हणून मी चकली उचलली.

पुढच्या हंगामात यंत्र काळ्या दाण्याबरोबर चांगला दाणाही उडवू लागले. कंपनीचा माणूस आला, पाहून गेला. दोष तुमच्या तांदळाचा, असे पत्र आले. भाऊंचा तांदूळ वाईट म्हणणे म्हणजे त्यांच्या कुळाला नावे ठेवणे! आम्ही भंडाऱ्यात दावा लावला. यंत्र इथले, साक्षीदार इथले, नुकसान इथले. मग न्याय सिंगापूरला कशाला? युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता.

समोरच्यांनी एक लहानसा अर्ज दिला. १९९६ च्या लवाद कायद्याचे ४५ वे कलम. परदेशी आसनाचा लवाद ठरलेला असेल आणि एका पक्षाने मागणी केली, तर कोर्टाने वाद तिकडे पाठवलाच पाहिजे. करारच रद्दबातल, निकामी किंवा अमलात न येण्याजोगा दिसला तरच सुटका. आमचा करार धडधाकट होता. त्यावर भाऊंची सही होती, आणि सहीआधी माझी नजर फिरली होती.

वाचक म्हणतील, हा कसला कायदा? मीही रागाने हेच म्हणालो आणि मग वाचायला बसलो. १९५८ साली न्यूयॉर्कला राष्ट्रांनी एक करार केला: एका देशात झालेला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशातल्या कोर्टाने मानावा. भारताने तो १९६० साली मान्य केला आणि १९६१ साली त्यासाठी कायदा केला. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. उद्या भाऊंनी परदेशी तांदूळ पाठवला आणि तिथल्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले, तर हाच करार त्यांच्या उपयोगी पडेल. दोर दोन्ही टोकांनी बांधलेला असतो. मला फक्त माझ्या गळ्याकडचे टोक दिसत होते.

एकदा परदेशी निवाडा झाला की तो इथे अडवणेही सोपे नाही. रेणुसागर कंपनी आणि अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक यांचा करार १९६४ चा, निवाडा १९८६ चा आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९३ चा. न्यायालयाने सांगितले की, निवाड्यात भारतीय कायद्याचा नुसता भंग झाला, एवढ्याने भागत नाही. देशाच्या कायद्याचे मूळ धोरण, देशाचे हित किंवा न्याय आणि नीती यांनाच धक्का लागत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे २०१२ साली बाल्को खटल्यात त्याच न्यायालयाने आसनाचे महत्त्व पक्के केले. आसन म्हणजे बसण्याची खुर्ची नव्हे. सुनावणी नागपुरात झाली काय आणि संगणकाच्या पडद्यावर झाली काय, आसन सिंगापूर म्हटले की निवाडा रद्द करून मागायला सिंगापूरच्याच कोर्टात जावे लागते.

यात नवे काही नाही, हे मला डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथाने दाखवले. गोतसभेपुढे वाद चालण्याआधी दोन्ही पक्ष राजीनामा लिहून देत. राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे. पंच सांगतील ते मान्य, असा कबुलीचा कागद. त्यावर जामीन घेत. हरलेला शेवटी यजितखत लिहून देई. आधी शब्द द्यायचा आणि मग भांडायचे, ही रीत न्यूयॉर्कच्या कितीतरी आधीची.

आमच्या भागात कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आहेत. त्यांच्या पाण्यावरून तंटा झाला की माझे आजोबा पंच म्हणून बसत. ते सांगत, एकदा त्यांनी विचारले, “आम्ही सांगू ते कबूल?” एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान हलवली नाही. म्हणाला, “पंच कोन अन् बसाचं कोठी, हे पयले सांगा. मंग कबूल.” त्या अक्षरशत्रू माणसाने जे विचारले, ते मी वकील असून विचारले नव्हते.

भाऊंचे काय झाले? लवादांची फी, तिथल्या वकिलाची फी, हेलपाटे यांची बेरीज केली तेव्हा ती मागणीच्या वर गेली. शेवटी तडजोड झाली. कंपनीने सुटा भाग बदलला, खर्च निम्मा-निम्मा वाटला आणि एका हंगामाचे नुकसान भाऊंनी सोसले. मी दाव्याची फी परत केली. त्यांनी ती काही न बोलता घेतली. नको म्हणाले असते तर मला तोंड दाखवणे जड गेले असते.

धंद्यासाठी असा करार करणार असाल तर सहीपूर्वी चार गोष्टी पाहा: आसन कोणते, भाषा कोणती, लवाद एक की तीन, आणि फी कोणत्या नियमाने. विकणाऱ्याला विक्री हवी असते तोवर तो ऐकतो. आसन मुंबई मागून पाहा. तिथे २०१६ साली आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्रही निघाले आहे. घरासाठी फ्लॅट घेणाऱ्यांनी मात्र धीर सोडू नये. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक न्यायालयाचा दरवाजा बंद होत नाही, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाले आहे.

गेल्या दिवाळीला भाऊ पुन्हा आले. एका हातात मिठाई, दुसऱ्या हातात कागद. मी चष्मा शोधू लागलो, तेव्हा आत वळून म्हणाले, “वहिनी, वकीलसाहेबांचं वाचून होईपर्यंत फराळ आणू नका.”