बाईच्या खाटेशेजारी पाळणा हवा

हरियाणातल्या पंचकुल्याच्या शेजारी, चंदीगडला पीजीआय हे मोठं रुग्णालय आहे. व्यसनावर उपचार घ्यायला उत्तर भारतातून माणसं तिथे कित्येक दशकं येत आहेत. तिथल्या डॉक्टरांनी १९७८ पासूनच्या सुमारे पाव शतकाच्या नोंदी तपासल्या आणि २००५ साली त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो रुग्णांत स्त्रियांचं प्रमाण शेकडा एकही भरलं नव्हतं. ज्या आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या.

म्हणजे बायका व्यसन करतच नाहीत? दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के, असं त्यात दिसलं. टक्केवारी किरकोळ वाटते, पण देशभरातल्या बायकांचा हिशेब मांडला की संख्या पाऊण कोटीच्या पुढे जाते. यात तंबाखू धरलेलीच नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची, तळहातावर घेऊन बोटाने हिरड्यांना चोळायची, अशी मिशरी लावणारी बाई आपल्या खेड्यांत कुणालाच व्यसनी वाटत नाही.

व्यसन नजरेआड राहिलं की उपचारही दूर राहतो. पुण्याच्या मुक्तांगणचंच पाहा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली हे केंद्र उभं केलं. तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो २००९ साली, म्हणजे २३ वर्षांनी. महाराष्ट्रातल्या सर्वांत जाणत्या संस्थेला इतका काळ लागला, तर बाकीच्यांची काय कथा! पंजाब सरकारने कपूरथळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात फक्त स्त्रियांसाठी ‘नवकिरण’ केंद्र काढलं. अशी केंद्रं अजून बोटांवर मोजावीत इतकीच आहेत.

स्वतंत्र विभागाचा आग्रह सोवळेपणापोटी नाही. दारू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात थरथरतात, झोप उडते. कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. हे घरी निस्तरणं जिवावर बेतू शकतं, म्हणून दाखल व्हावं लागतं. पहिल्या घोटापासून व्यसन जडेपर्यंतचा प्रवास बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा लवकर संपतो आणि यकृतही लवकर दगा देतं. त्यातच अनेकींच्या व्यसनामागे मारहाण किंवा अत्याचार असतो. तीस पुरुषांच्या गटात बसून त्या हे बोलणार कशा?

दुसरी अडचण घरची. नवरा दाखल झाला की बायको भेटीला येते, समुपदेशकासमोर बसते. मुक्तांगणने अशा बायकांसाठी ‘सहचरी’ हा गटच चालवला. बायको दाखल झाली तर नवरा येईलच, याची खात्री कोण देणार? शेजाऱ्यांना सांगितलं जातं, ‘माहेरी गेलीय.’ महिनाभर माहेरी राहायचं तर पोरांचं काय, हा प्रश्न तिला दारातूनच परत फिरवतो.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक आजारही येतात. त्याचं कलम २१ सांगतं की, उपचार घेणाऱ्या स्त्रीचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडू नये. मुलाला धोका आहे असं वाटून वेगळं केलंच, तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू पुरवण्याची जबाबदारीही याच कायद्याने केंद्रांवर टाकली आहे. कागद चोख आहे. पण त्याबरहुकूम चालायचं तर पाळणा, दूध गरम करायला शेगडी, बाळाला सांभाळणारी आया आणि रात्रपाळीला स्त्री परिचारिका लागते. या सगळ्याला पैसा लागतो आणि बायकांच्या खाटा कमी भरतात म्हणून तो द्यायचा नाही, हा सरकारी खाक्या आहे. खाटा कमी का भरतात, याचं कारण मात्र त्याच खाक्यात दडलेलं आहे.

तीन वर्षांवरच्या मुलांचं काय, यावर हे कलम गप्प आहे. पाच वर्षांच्या मुलीला शेजारणीकडे ठेवून आलेली आई चौथ्या दिवशीच घराची वाट धरणार. ते टाळायला केंद्राजवळच्या अंगणवाडीशी किंवा शाळेशी जोडणी करता येईल. त्याला नव्या कायद्याची गरज नाही.

पंचकुला असो वा परभणी, जिल्ह्यात एक तरी स्त्रियांचा निवासी विभाग हवा आणि खाटा रिकाम्या दिसल्या तरी त्याला निदान पाच वर्षं अनुदान मिळायला हवं. व्यसनमुक्ती केंद्राचा परवाना नव्याने देताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: वर्षभरात किती स्त्रिया दाखल झाल्या, किती जणींसोबत मुलं राहिली, आणि घरी गेल्यावर वर्षभर त्यांची विचारपूस कुणी केली.