खाण, खंदक आणि शब्दांचे गोत्र

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या भयाने इ. स. १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणावयास घेण्यात आला. तो पूर्ण झालाच नाही. पुढे तो बुजवून त्यावर रस्ते झाले. ‘मराठा डिच’ हे नाव मात्र टिकले. त्याचा मराठी पर्याय ‘मराठा खंदक’ असा दिला, की भाषाशुद्धीचा अभिमानी वाचक थबकतो. ‘खाण’ स्वकीय आणि ‘खंदक’ परकीय, हा त्याचा निवाडा आधीच ठरलेला असतो.

तो निवाडा तपासून पाहणे अगत्याचे आहे. ‘खाण’ हा शब्द संस्कृत ‘खनि’, ‘खानि’ यांपासून प्राकृताच्या वाटेने आला. त्याच्या मुळाशी ‘खन्’ हा धातू आहे. ‘खंदक’ मराठीस फारसीतून मिळाला आणि फारसीस अरबीतून. परंतु अरबांनी तो घेतला तो मध्य-फारसीतील ‘कंदग’, म्हणजे ‘खणलेले’, या शब्दावरून. त्यातील इराणी ‘कन्’ धातू आणि संस्कृत ‘खन्’ हे सगोत्र होत. बंगालीतील ‘खात’ हा शब्दही ‘खन्’पासूनच आला आहे.

याच्या उलट उदाहरण प्राचीन इंग्रजीत सापडते. तेथे दगडाच्या खाणीस व चरासही ‘डेल्फ’ म्हणत. तो ‘खणणे’ या अर्थाच्या ‘डेल्फन’ या क्रियापदापासून झाला. अर्थाची घडण हुबेहूब ‘खाण’सारखी, पण ‘खन्’शी त्याचे नाते नाही. पुढे फ्रेंचमधून आलेल्या ‘क्वॉरी’ने त्यास मागे सारले. या शब्दाच्या मुळाशी ‘चौरस’ हा लॅटिन अर्थ आहे. खणण्याच्या श्रमावरून नव्हे, तर घडविलेल्या चिऱ्यावरून खाणीस हे नाव पडले.

तात्पर्य, अर्थसाम्यावरून नाते सिद्ध होत नाही आणि परकीय वेषावरून ते नाकारताही येत नाही. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे कलकत्त्यातच संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मूळाचा विचार मांडला. फारसीसही त्याच कुळात स्थान देण्यास त्यांची हरकत नव्हती. तरीही मराठी कोशांत ‘अरबी’ किंवा ‘फारसी’ एवढा शिक्का मारून व्युत्पत्ती पुष्कळदा थांबते. शब्द शेवटी कोणत्या दारातून आला एवढेच तो शिक्का सांगतो. त्याच्या आधाराने शब्द वाळीत टाकणाऱ्यांनी निदान त्याचे गोत्र तरी आधी पाहावे. कोशकारांनी तर शब्दाचा सारा प्रवास नोंदविलाच पाहिजे.