रिंगा बसेपर्यंत

ट्रकला नवं इंजिन बसवलं की काही दिवस गाडी "हळू" चालवायची, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पूर्वी नव्या गाडीच्या मागे "रनिंग इन" अशी चिठ्ठी असायची आणि मागचा माणूस समजूतदारपणे हॉर्न कमी वाजवायचा. (कमी म्हणजे आपल्या हिशेबाने कमी!) जर्मनीत याला 'आइनफारेन' म्हणतात. शब्द फोडला तर एक तुकडा 'आत' आणि दुसरा 'चालवणं'. माझं मत असं की आपण यातलं "हळू" तेवढं घट्ट धरून बसलो आणि "चालवणं" विसरलो. त्याचा भुर्दंड मिस्त्रीला बसत नाही, गाडीमालकाला बसतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी आत काय चालतं ते बघू. लायनरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत वाटली तरी ती तशी नसते. होनिंग करताना तिच्यावर मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत तेल टिकतं. पिस्टनच्या रिंगा नव्या, लायनर नवा, दोघांची अजून ओळख नाही. इंजिन चालू झालं की रेघांची वरची टोकं झिजतात, रिंगा भिंतीला चपखल बसतात आणि मग सील तयार होतं. हे काम बरंचसं पहिल्या काही तासांतच होतं. आता गंमत अशी की रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडासा, पण मुख्य जोर असतो तो जळणाऱ्या वायूचा. हा वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे दाब हवा. आणि दाब येतो लोडने.

गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं, तर दाब नाही, उष्णता नाही. रिंगा सैल घसरत राहतात, मधून तेल वर येतं आणि अर्धवट जळून लायनरवर वार्निशसारखा चकचकीत थर देतं. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा का रेघा बुजल्या की रिंगा पुढे बसतच नाहीत. मग इंजिन ऑइल पितं, धूर मारतं आणि ब्रीदरमधून आपले मिस्त्री ज्याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात ते सुरू होतं. उपाय एकच, पुन्हा खोला!

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. थंड इंजिनवर पहिल्याच दिवशी पूर्ण लोड, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटून चढ चढवला, तर उंच टोकं झिजण्याऐवजी जळतात आणि पिस्टन लायनरला ओरबाडतो.

मी कासेलजवळ राहतो. आमच्या गावात एका कुटुंबाचा माल-वाहतुकीचा धंदा आहे, दहा-बारा ट्रक. त्यातल्या एकाचं इंजिन नऊ लाख किलोमीटरच्या आसपास गेलं. इथे सहसा कोणी इंजिन गॅरेजात फरशीवर बांधत बसत नाही. कारखान्यात नूतनीकरण केलेलं 'आउसटाउश' इंजिन मागवतात आणि जुनं परत देतात, दुधाच्या बाटलीसारखं. असं इंजिन बहुधा टेस्ट बेंचवर फिरवूनच येतं, म्हणजे निम्मी ओळख आधीच झालेली असते. तरीही मालकाने पहिला आठवडा वेगळा आखला होता. गाडीत पूर्ण माल नाही, पण रिकामीही नाही. सरळ ऑटोबानवर नाही, कारण तिथे ट्रकला ८० ची मर्यादा, आणि तासन् तास एकाच आरपीएमवर इंजिन चालणं नव्या रिंगांना मानवत नाही. जिल्ह्यातले चढउताराचे रस्ते, गिअर सतत वरखाली. रोज सकाळी तेलाची पातळी वहीत. चौथ्या दिवशी निम्म्या मालावर ए-७ वरच्या कासेलच्या डोंगरात. तिथे काही ठिकाणी आठ टक्क्यांपर्यंत चढ आहे, आपल्या घाटवाल्यांना हसू येईल, पण जर्मन ट्रकवाले त्याचं नाव जरा दबकूनच घेतात.

यात तुमचं नुकसान नाही का, असं मी त्या मालकाला विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्या लेखी तो आठवडा इंजिन बसवण्याच्या खर्चातलाच होता, जसे नटबोल्ट आणि कूलंट. (आणि रात्रभर इंजिन चालू ठेवायचं मनात आलं असतं तरी जमलं नसतं. इथे विनाकारण इंजिन चालू ठेवणं वाहतुकीच्या कायद्यातच गुन्हा आहे.)

आता आपल्याकडचं. सांगलीकडे माझे एक मामा, त्यांच्या दोन गाड्या. दोन वर्षांपूर्वी एका गाडीचं इंजिनचं काम निघालं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं. हायवेवरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने इंजिन बांधलं आणि "रिंगा बसू देत" म्हणून रात्रभर न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी साखर भरून गाडी न्हावाशेव्याला, कारण हप्ता तुंबला होता. दोन महिन्यांत बॅक कॉम्प्रेशन. मिस्त्री म्हणाला माल खराब, पार्टवाला म्हणाला फिटिंग खराब, फायनान्सवाला म्हणाला तारीख पाच. पुन्हा खोलायचे पैसे मामांनी मामींच्या पाटल्यांवर काढले.

मी मिस्त्रीला अडाणी म्हणणार नाही. १९५४ साली टेल्कोने जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या साथीने ट्रक बनवायला घेतले, तेव्हापासून या लोकांनी देशभरची इंजिनं नुसत्या कानाने जुळवली आहेत. त्यांच्या जुन्या नियमांतले कितीतरी त्या काळी बरोबरच होते. पहिलं ऑइल लवकर बदलणं, हेड पुन्हा टाइट करणं, वगैरे. आज हेडचे बोल्टच वेगळे, पुष्कळ इंजिनांत ते पुन्हा टाइट करायचेच नसतात. पण रात्रभर आयडलिंग डिझेल इंजिनासाठी तेव्हाही चूक होतं, आजही आहे. आणि आता ती चूक परवडणार नाही. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या बाजूला काजळी धरणारा फिल्टर असतो. काजळी तापवून जाळता येते, पण इंजिन ऑइल जळून झालेली राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साचतच जाते. रिंगा नीट बसल्या नाहीत तर इंजिन आणि फिल्टर अशी दोन्हीकडून खिशाला कात्री!

खरं तर शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नसावी. नवा खोंड जुवाखाली आणताना त्याला कोणी महिनाभर गोठ्यात बांधून ठेवत नाही आणि पहिल्याच दिवशी उसाच्या गाडीलाही जुंपत नाही. शेजारी जाणता बैल, गाडी रिकामी, मग चार पोती, मग आठ. मामा हे अंगवळणी पडलेले शेतकरी आहेत. तरी गाडीच्या बाबतीत ते फसले, कारण खोंडावर हप्ता नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं मिस्त्रीपेक्षा हिशेबवाल्यांना जास्त आहे. इंजिनचं बिल होतं तेव्हा पहिल्या हजार किलोमीटरचं वेळापत्रक त्या बिलावर लिहून द्यावं: आयडलिंग नाही, गरम झाल्यावरच लोड, सुरुवात निम्म्या मालाने, आरपीएम बदलतं, रोज तेल आणि पाणी बघणं. लेखी असलं की दोन महिन्यांनी कोण काय म्हणालं हा तमाशा उरत नाही. मोठ्या गावात इंजिन बांधणाऱ्यांकडे टेस्ट बेंच असेल तर चार पैसे जास्त देऊन तिथे लोडवर फिरवून घ्यावं. आणि इंजिनच्या कामासाठी कर्ज देणाऱ्यांनी पहिला हप्ता महिनाभर पुढे ढकलावा. त्यांचीच वसुली त्या इंजिनावर उभी आहे, त्यांना हे कळायला हवं.

मामांचा यावर रोकडा सवाल होता, की अर्धा माल देतो कोण? बरोबर आहे, ब्रोकर अर्धी गाडी भरत नाही. पण हलका माल असतोच की. रिकामे क्रेट, फोम, प्लास्टिकची पिंपं. हौदा गच्च भरतो आणि वजन निम्म्याच्या खाली राहतं. भाडं कमी मिळतं हे खरं. पहिल्या तीन-चार खेपा तसल्या घ्याव्यात, कात्रज किंवा खंबाटकी निवांत गिअर बदलत चढावी, आणि वर पोचल्यावर गाडी चालू ठेवून चहाला उतरू नये.